खानदेशात रिपीटर लिंक करायचे तर

जळगाव ते धुळे सरळ रेषेत साधारण ८२ किलोमीटर. धुळे ते नंदुरबार ७५ च्या आसपास. एका रिपीटरमध्ये (आलेला सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र) एवढा मुलूख बसवायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: पॉवर वाढवा. २५ वॅटचे ५० करा, ५० चे १०० करा. पॉवर दुप्पट केल्यावर हाती लागतात फक्त ३ डीबी (डेसिबल), म्हणजे ऐकणाऱ्याला जेमतेम जाणवेल इतका फरक. शिवाय रिपीटरचा आवाज ८० किलोमीटरवर पोचला तरी तिथला ५ वॅटचा हँडसेट उलट रिपीटरपर्यंत पोचत नाही. मग "ऐकू येतं पण बोलता येत नाही" ही कायमची तक्रार सुरू होते. त्यापेक्षा तीन-चार साधे रिपीटर योग्य जागी बसवून एकमेकांना जोडावेत. ही जोडणी अंतरामुळे क्वचितच फसते. कोण बोलायला लागलं आणि कधी थांबलं हे यंत्राला नेमकं न कळल्यामुळे ती बऱ्याचदा फसते. अंतराचं गणित कागदावर अर्ध्या तासात होतं, लॉजिक आणि ऑडिओ जुळवायला मात्र आठवडे जातात.

आधी कायद्याचं. हे सगळं हॅम (हौशी रेडिओ) परवानाधारकांसाठी आहे. आपल्याकडे हॅमसाठी १४४ ते १४६ (व्हीएचएफ) आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ (यूएचएफ) हे दोन पट्टे कामाचे. रिपीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा वेगळा परवाना लागतो, वैयक्तिक परवान्यावर तो चालवता येत नाही. लिंकची फ्रिक्वेन्सी, जागा आणि उंची अर्जात आधीच दाखवा, नंतर घुसवायला जाऊ नका. केळीच्या ट्रकांचा ठावठिकाणा किंवा जिनिंगचा हिशेब या जाळ्यावर चालत नाही. त्या मंडळींना खासगी वॉकीटॉकीचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्यांनी वर्गणी देऊ केली तरी नाहीच म्हणायचं.

डोंगर कुठे, खोरं कुठे

खानदेशाची ठेवण लिंकसाठी चांगली आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधे तापीचं सपाट खोरं. दोन्ही कडांवरून खोरं उघडं दिसतं. मात्र खोऱ्यातल्या खोऱ्यात, गावातल्या टॉवरवरून गावातल्या टॉवरवर लिंक करायला गेलात की पृथ्वीची गोलाई आडवी येते.

रेडिओ क्षितिजाचं सूत्र सोपं आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये. ३० मीटरचा टॉवर साडेबावीस किलोमीटर बघतो. असे दोन टॉवर समोरासमोर असले तरी ४५ किलोमीटरच्या पुढे एकमेकांना दिसत नाहीत. जळगाव-धुळे ८२ आहे. मध्यावर जमिनीचा फुगवटा १०० मीटरच्या घरात जातो. त्यावर फ्रेनेल झोन आलाच, म्हणजे सरळ रेषेभोवतीचा लहरींना लागणारा मोकळा पट्टा. ४३५ मेगाहर्ट्झला ८० किलोमीटरच्या मार्गावर मध्यभागी त्याची त्रिज्या ११५ मीटरच्या पुढे असते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा, म्हणजे आणखी ७० मीटर. दोन्ही धरून मध्यावर रेषा जमिनीपासून १७० मीटर वर हवी. हे टॉवरचं काम नाही, टेकडीचंच. सपाटीपासून ३०० मीटर उंच टेकडी एकटीच ७१ किलोमीटर बघते.

नकाशावरचं एक उदाहरण घेऊ. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या टेकडीपासून सातपुड्यातल्या तोरणमाळच्या पठाराच्या दक्षिण कडेपर्यंत साधारण ११८ किलोमीटर. गोलाईचा फुगवटा २०५ मीटर, फ्रेनेलचे ८५ मीटर, एकूण २९० मीटर मोकळीक हवी. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. लळिंग अगदी कमीत कमी ४०० धरलं तरी मध्यावर रेषा ७०० मीटरवर राहते आणि खाली तापीचं खोरं दीडशे-दोनशे मीटरवर आहे. म्हणजे मधला भाग मोकळा. धोका टोकांना असतो. तोरणमाळच्या पुढे सातपुड्याच्याच छोट्या रांगा आहेत, त्यातली एखादी नेमकी अँटेनासमोर आली तर हा सगळा हिशेब पाण्यात. म्हणून रेडिओ मोबाइल किंवा स्प्लॅट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एसआरटीएमचा उंचीचा डेटा टाकून मार्गाचा छेद काढा आणि दोन्ही टोकांचे पहिले पाच-पाच किलोमीटर बारकाईने बघा. या डेटात झाडं-इमारती धड धरलेल्या नसतात, त्यामुळे जागेवर जाऊन डोळ्यांनी खात्री करावीच लागते. ही दोन्ही ठिकाणं फक्त गणितासाठी घेतली आहेत. किल्ल्यावर किंवा वनजमिनीवर परवानगीशिवाय साधा खांबही उभा राहत नाही. प्रत्यक्षात एखाद्या चालू टॉवरवर भाड्याने जागा मिळवणं सोपं पडतं.

आता पॉवर. याच ११८ किलोमीटरला ४३५ मेगाहर्ट्झवर मोकळ्या मार्गाचा तोटा १२७ डीबी. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेली पातळी). दोन्हीकडे ११ डीबीआयची यागी (एकाच दिशेला रोखलेली अँटेना) आणि केबल-कनेक्टरचे अडीच-अडीच डीबी वजा केले तर पलीकडे पोचतात उणे ७३ डीबीएम. चांगल्या रिसीव्हरला उणे ११९ पुरतात. हातात ४६ डीबी शिल्लक. १ वॅटवर उतरलात तरी ३९ उरतात. मार्ग मोकळा असेल तर १ ते २ वॅट भरपूर आहेत. मार्ग अडलेला असेल तर ५० वॅटनेही समाधान होत नाही, आवाज कधी येतो कधी जातो. लिंकला ५० वॅट लागतायत असं दिसलं की जागा बदला.

केबलवर मात्र पैसे वाचवू नका. आरजी-५८ च्या ३० मीटरमध्ये ४३५ मेगाहर्ट्झला १० डीबीच्या आसपास जातात, म्हणजे १० वॅटचा १ वॅट होतो. अर्धा इंची हेलियाक्समध्ये तेवढ्याच लांबीला दीड डीबी. एलएमआर-४०० चा तोटा ठीक असतो, पण तिच्यातली अॅल्युमिनियमची पन्नी आणि तांब्याची जाळी एकमेकींवर घासतात. एकाच केबलमधून ट्रान्समिट आणि रिसीव्ह दोन्ही चालत असेल, तर कालांतराने त्यातून खरखर निर्माण होते. फक्त लिंकच्या यागीला ती चालेल, ड्युप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ट्रान्समिट आणि रिसीव्ह वेगळे ठेवणारा फिल्टर) पुढे नको.

साखळी की हब

चार रिपीटर जोडायचे तर दोन रचना डोक्यात येतात. पहिली साखळी: पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. मधल्या प्रत्येक ठिकाणी दोन लिंक रेडिओ आणि तीन पोर्टचा कंट्रोलर (कुठला रेडिओ कधी चालू-बंद व्हायचा ते ठरवणारं सर्किट) लागतो. मधली एक कडी तुटली की जाळ्याचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक टप्प्याला आवाजाची सुरुवात थोडी आणखी कापली जाते. दुसरी रचना हब: उंचावर एक यूएचएफ रिपीटर, जो फक्त लिंकसाठी असतो. बाकी प्रत्येक ठिकाणी एकच यूएचएफ रेडिओ, एक यागी, तोंड हबकडे. कुणीही बोललं तरी फक्त दोन टप्पे होतात, वर हबकडे आणि खाली बाकीच्यांकडे. पाचवं ठिकाण जोडायचं तर पाचव्या ठिकाणीच काम करावं लागतं, आधीच्या चौघांना हात लावायची गरज पडत नाही.

सातपुड्याची कड मिळणार असेल तर खानदेशासाठी हबच घ्या. खोऱ्याच्या आकारामुळे वरून शहादा, शिरपूर, दोंडाईचा, अमळनेर, चोपडा एका नजरेत येतात. जळगाव-भुसावळ-रावेर पट्टा पश्चिमेच्या हबला लांब पडतो. तिथे रावेर तालुक्यातल्या पालच्या बाजूची एखादी टेकडी किंवा अजिंठ्याची कड मधे घालावी लागेल, म्हणजे थोडी साखळी आलीच. तेवढी चालते.

सगळे लिंक रेडिओ एकाच सिम्प्लेक्स (बोलायला-ऐकायला तीच) फ्रिक्वेन्सीवर ठेवणं ही तिसरी पद्धत. सगळ्यात स्वस्त, पण प्रत्येक ठिकाणाला बाकी सगळी ठिकाणं ऐकू येत असतील तरच चालते. नाहीतर दोन टोकं एकाच वेळी बोलतात आणि मधल्याला फक्त शिट्टी ऐकू येते.

तिसरा हार्मोनिक

ही अडचण आपल्या पट्ट्यांमुळेच येते, तिच्याकडे नीट बघावं. १४४ ते १४६ ला तीनने गुणा: ४३२ ते ४३८. म्हणजे आपल्या व्हीएचएफ रिपीटरचा तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिपटीवर उमटणारा नको असलेला सिग्नल) जवळजवळ नेमका आपल्याच यूएचएफ पट्ट्यात पडतो. रिपीटरचं आउटपुट (पाठवण्याची फ्रिक्वेन्सी) १४५.७०० असेल तर हार्मोनिक ४३७.१०० वर. लिंकचा रिसीव्हर तिथेच ठेवला तर रिपीटर सुरू झाला की लिंक बहिरी. हार्मोनिकवर डेव्हिएशनही (आवाजामुळे फ्रिक्वेन्सी किती सरकते ते) तिप्पट होतं, म्हणून किमान १०० किलोहर्ट्झ लांब राहा. व्हीएचएफ ट्रान्समीटरच्या मागे लो-पास फिल्टर आणि यूएचएफ रिसीव्हरच्या पुढे एक बँड-पास कॅव्हिटी (हवी तीच फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारा धातूचा डबा) लावा.

दुसरी फ्रिक्वेन्सी याहून फसवी आहे. रिपीटरचं इनपुट (ऐकण्याची फ्रिक्वेन्सी) १४५.१०० आणि आउटपुट १४५.७०० असताना लिंक ४३६.५०० वर ट्रान्समिट करत असेल तर काय होतं? ४३६.५०० मधून आउटपुटची दुप्पट म्हणजे २९१.४०० वजा करा: १४५.१००. बरोब्बर स्वतःचं इनपुट. गंजलेला नटबोल्ट, सैल क्लॅम्प, टॉवरवरची जुनी तार असं काहीही त्या दोघांची सरमिसळ करायला पुरतं. मग रिपीटर आणि लिंक एकत्र चालू झाल्यावरच बिघाड येतो, वेगवेगळे तपासले की दोन्ही ठणठणीत. सूत्र लक्षात ठेवायचं: आउटपुटची तिप्पट, आणि आउटपुटची तिप्पट उणे ०.६. या दोन्ही फ्रिक्वेन्सी लिंकसाठी टाळायच्या.

लिंकची यागी आडवी लावा. रिपीटरची अँटेना उभी असते. दोघींचं ध्रुवीकरण वेगळं असलं की जवळजवळ २० डीबीची फारकत फुकट मिळते. हबची अँटेनाही अर्थातच आडवी हवी, हे चारही ठिकाणच्या लोकांना आधी सांगून ठेवा.

ड्युप्लेक्सरबद्दल थोडक्यात: ६०० किलोहर्ट्झच्या अंतराला व्हीएचएफवर ८५ ते ९० डीबी फारकत लागते, ती सहा कॅव्हिटीच्या ड्युप्लेक्सरमधून मिळते, बाजारातल्या चपट्या मोबाइल ड्युप्लेक्सरमधून मिळत नाही. नॅनोव्हीएनएवर (फिल्टर-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) तो ट्यून करता येतो, फक्त नॉचचा (नको ती फ्रिक्वेन्सी दाबणाऱ्या खाचेचा) तळ त्याच्या मापनक्षमतेच्या खाली जातो. त्यामुळे शेवटचे १५-२० डीबी सिग्नल जनरेटर आणि रिसीव्हर लावूनच काढावे लागतात.

कोण बोलतंय हे यंत्राला कळणं

लिंकसाठी जुने कमर्शियल मोबाइल सेट उत्तम. मोटोरोला जीएम-३०० चं १६ पिनचं मागचं सॉकेट या कामाला अजून आवडतं: पिन ३ पीटीटी (बोलण्यासाठी दाबायची कळ), पिन ७ ग्राउंड, पिन ८ प्रोग्रॅम करून सीओएस, पिन ११ रिसीव्हचा ऑडिओ, पिन ५ फ्लॅट ट्रान्समिट ऑडिओ. ऑडिओ स्पीकरमधून घेऊ नका. कुणीतरी व्हॉल्यूमला हात लावतो आणि सगळं जाळं बिघडतं.

सीओएस म्हणजे "सिग्नल आला आहे" अशी रिसीव्हरने दिलेली खूण. पूर्ण लिंक या एका तारेवर उभी असते. ही खूण फक्त कॅरिअरवर (नुसत्या रेडिओलहरीवर) नको, कॅरिअर अधिक टोन (सीटीसीएसएस, म्हणजे आवाजाखाली लपवलेला ओळखीचा स्वर) अशी हवी. पहाटे थंडीत खोऱ्यावर हवेचे थर उलटे बसले की शेकडो किलोमीटरवरचे रिपीटर खुशाल ऐकू येतात. टोन नसेल तर ते आपल्या लिंकमध्ये शिरतात आणि चारही रिपीटर सकाळभर बडबडत बसतात.

टोन निवडतानाही विचार हवा. आपली वीज ५० हर्ट्झची, तिचे हार्मोनिक १०० आणि १५० वर. म्हणून १००.० आणि १५१.४ हे टोन लिंकला नको, पॉवर सप्लायचा गुणगुणाट डिकोडरला फसवू शकतो. ६७.० सारखे खालचे टोन ओळखायला वेळ घेतात. १२३.० किंवा १३१.८ घ्या. बोलणाऱ्यांच्या हँडसेटला वेगळा टोन, लिंकला वेगळा. दोन्ही सारखे ठेवले आणि हँडसेटचा टोन ऑडिओतून लिंकमध्ये गळला, तर तो लिंकच्या टोनशी कधी जुळतो, कधी त्याला मारतो आणि वाक्याच्या मधेच लिंक तुटते. म्हणूनच कंट्रोलरच्या ऑडिओत ३०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापणारा हाय-पास फिल्टर सक्तीचा.

आता पिंगपाँग. नव्या लिंकवर हा बिघाड हमखास दिसतो. धुळ्याचा माणूस बोलून थांबला. धुळ्याचा रिपीटर शेपूट म्हणून आणखी तीन सेकंद चालू राहतो. ती शेपूट लिंकवर गेली, जळगावचा रिपीटर त्यामुळे चालू राहिला. धुळ्याची शेपूट संपली, पण जळगावची सुरू आहे, ती उलट लिंकवर आली, धुळे परत जागं झालं. कुणीही बोलत नसताना दोन रिपीटर टाइमआउट होईपर्यंत एकमेकांना उठवत राहतात. लोक टाइमआउट वाढवून बघतात, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सर्किट) घट्ट करतात, काही उपयोग होत नाही. उपाय लॉजिकमध्ये आहे. लिंकचा ट्रान्समीटर फक्त स्थानिक रिसीव्हरच्या सीओएसवर चालू व्हायला हवा, रिपीटरच्या पीटीटीवर कधीच नाही. शेपूट, बीप आणि ओळख (रिपीटरचा कॉलसाइन) यातलं काहीही लिंकवर जाता कामा नये. लिंक रेडिओ रिपीटरचं आउटपुट हवेतूनच ऐकत असेल, तर रिपीटरने टोनही फक्त माणूस बोलत असतानाच पाठवावा, शेपटीत टोन बंद. मग कॅरिअर चालू असलं तरी लिंकचं स्क्वेल्च मिटतं आणि चक्र तिथेच तुटतं.

सीओएसची दिशाही तपासा. "सिग्नल आला की तार ग्राउंडला" अशी रचना ठेवली आणि कंट्रोलरवर पुल-अप रेझिस्टर लावला, तर प्लग निसटल्यावर कंट्रोलरला "शांतता" दिसते. उलटी रचना असेल तर प्लग निसटला की "कायम कुणीतरी बोलतंय" दिसतं आणि सगळं जाळं अडकतं. डोंगरावर प्लग निसटतातच, वानरं केबल ओढतात, गांधीलमाश्या कपाटात घर करतात. बिघाड झाला तर तो शांततेच्या बाजूने व्हावा अशी सोय असू द्या.

टाइमआउट दोन लागतात: रिपीटरचा साधारण तीन मिनिटांचा आणि लिंकचा त्याहून थोडा कमी. कुणाचा पीटीटी गाडीच्या सीटखाली दाबला गेला तर आधी लिंक सुटते, बाकीचे तीन रिपीटर मोकळे होतात, अडकतो फक्त त्याच्या गावचा.

वेळेचाही हिशेब करा. प्रत्येक टप्प्यावर टोन ओळखायला २०० ते २५० मिलीसेकंद, ट्रान्समीटर उठायला ५० ते १००. दोन-तीन टप्प्यांत अर्धा ते एक सेकंद गेला. पीटीटी दाबल्या दाबल्या "आवाज ई ऱ्हायना का?" विचारणाऱ्याचं पलीकडे फक्त "ऱ्हायना का" पोचतं. लोकांना शिकवायचं ते एवढंच: दाबा, एक सेकंद थांबा, बोला. आणि समोरच्याचं संपल्यावर दोन सेकंद जाऊ द्या, म्हणजे लिंक मोकळी होते आणि तिसऱ्याला मधे शिरता येतं. शेवटी येणारा खर्रकन आवाज मारायला कंट्रोलरमध्ये ऑडिओला १०० मिलीसेकंदांच्या आसपास उशीर द्या. सीओएस मिटेपर्यंत तो तुकडा बाहेर पडलेलाच नसतो.

आवाजाची पातळी

नियम एका ओळीचा: ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन आत आलं तर ३ किलोहर्ट्झच बाहेर गेलं पाहिजे, प्रत्येक टप्प्यावर. प्रत्येकी २ डीबी कमी ठेवलेत तर तीन टप्प्यांनंतर ६ डीबी, म्हणजे डेव्हिएशन निम्मं. मग जळगावला धुळे हळू आणि धुळ्याला धुळे मोठं, आणि दोष दिला जातो बोलणाऱ्याच्या माइकला.

मोजायला महागडा सर्व्हिस मॉनिटर लागत नाही. बेसलचा शून्यबिंदू वापरा. १२४७ हर्ट्झचा टोन ट्रान्समीटरला द्या, आरटीएल-एसडीआरवर (संगणकाला लावायचा स्वस्त रिसीव्हर) बारीक रिझोल्यूशनमध्ये कॅरिअर बघा आणि पातळी शून्यापासून हळूहळू वाढवा. मधली कॅरिअरची रेघ पहिल्यांदा नाहीशी होते तिथे डेव्हिएशन बरोबर ३ किलोहर्ट्झ असतं. ५ किलोहर्ट्झ हवं असेल तर टोन २०७९ हर्ट्झचा. हे करताना सीटीसीएसएस बंद ठेवा, नाहीतर रेघा मोजता येत नाहीत. नंतर सीटीसीएसएसचं डेव्हिएशन वेगळं बसवा, ५०० ते ७५० हर्ट्झ. मग या ट्रान्समीटरचा सिग्नल पुढच्या ठिकाणी देऊन त्याचा ट्रान्समिट पॉट (पातळी कमी-जास्त करायचा स्क्रू) याच पद्धतीने लावा. काम एका टोकापासून सुरू करून क्रमाने पुढे न्या. मधूनच सुरुवात केली की चुका एकमेकींना झाकतात.

एम्फसिस म्हणजे पाठवताना वरचे स्वर चढवणं आणि ऐकताना उतरवणं (डी-एम्फसिस); फ्लॅट म्हणजे हे काहीच न केलेलं. यातला घोळ कानाने ओळखता येतो. फ्लॅट आउटपुट माइकच्या इनपुटला जोडलं की आवाज किरटा, पत्र्यासारखा होतो. डी-एम्फसिस झालेला ऑडिओ फ्लॅट इनपुटला दिला की बोलणारा घोंगडीतून बोलल्यासारखा वाटतो. दोन्ही बाजू फ्लॅट, नाहीतर दोन्ही बाजू एम्फसिसवाल्या, एवढं पाळायचं. जीएम-३०० मध्ये पिन ११ साठी आत जंपर असतो, तो बघितल्याशिवाय वायरिंगला दोष देऊ नका.

इंटरनेटचा पर्याय

रास्पबेरी पाय (छोटा संगणक), यूएसबी साउंड फॉब (आवाजाची जोडणी) आणि स्व्हिक्सलिंक किंवा ऑलस्टार हे सॉफ्टवेअर घेतलं की दोन रिपीटर अंतराचा विचार न करता जोडता येतात. त्यासाठीही परवान्याच्या अटी आधी वाचा आणि परवानगी लेखी घ्या. टेलिफोनच्या जाळ्याशी जोडणी तर डोक्यातूनच काढून टाका.

तांत्रिक अडचण बहुतेकदा सिमकार्डच्या इंटरनेटची. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे हजारो ग्राहक बसवतात, त्यामुळे बाहेरून आत येणारी जोडणी होतच नाही. एकोलिंक या अशाच सॉफ्टवेअरला यूडीपी ५१९८ आणि ५१९९ हे पोर्ट आत येऊ द्यावे लागतात, ते सिमवर मिळत नाहीत. मग प्रॉक्सी किंवा व्हीपीएन आलं. ऑलस्टारचा ४५६९ हा पोर्ट एका टोकाला उघडा असला तरी पुरतं, दुसरं टोक बाहेरच्या दिशेने जोडून घेतं. स्व्हिक्सलिंकच्या स्व्हिक्सरिफ्लेक्टरमध्ये सगळे रिपीटर स्वतःहून सर्व्हरकडे जातात, म्हणून सिमवर तो सगळ्यात कमी कटकटीचा. पायचं मेमरी कार्ड वीज जाता-येता खराब होतं. फाइल सिस्टिम फक्त-वाचनीय करून टाका.

डिजिटलमध्ये डीएमआर (डिजिटल रेडिओची एक पद्धत) छान जोडता येतं, पण जुने अॅनालॉग हँडसेट बाद होतात आणि मिश्र जाळ्यात आवाजाचं रूपांतर दोनदा-तीनदा झालं की माणूस ओळखू येत नाही. सध्या खानदेशात अॅनालॉगच बरं.

आमचं मत स्पष्ट आहे: इंटरनेट दुसऱ्या क्रमांकावर. वादळात तारा तुटल्या, हतनूर धरणाचे दरवाजे उघडले आणि तापीकाठच्या गावांना निरोप द्यायचे झाले की मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत बसते. रेडिओची लिंक आपल्या बॅटरीवर असते. जळगाव-नाशिक किंवा जळगाव-पुणे गप्पांसाठी इंटरनेट जरूर वापरा, खोऱ्यातल्या खोऱ्यात हवेतून जा.

ऊन, बॅटरी, वीज

सौर यंत्रणा ठरवताना लोक ट्रान्समीटरचे अँपिअर मोजतात आणि नुसतं ऐकत बसण्याचे विसरतात. रिपीटरचा रिसीव्हर ०.५, लिंकचा ०.३, पाय ०.४ असे १.२ अँपिअर दिवसरात्र जातात, म्हणजे २९ अँपिअर-तास. १५ वॅटचा रिपीटर आणि ५ वॅटची लिंक मिळून बोलताना आणखी ६ अँपिअर घेतात. दिवसाचा १५ टक्के वेळ बोलणं धरलं तर २२. बेरीज ५० च्या वर. निम्म्याहून जास्त शांततेत खर्च झाली! पायच्या जागी साधा मायक्रोकंट्रोलरचा कंट्रोलर लावला तर दिवसाला ८ अँपिअर-तास वाचतात. ५० अँपिअर-तास म्हणजे ६५० वॅट-तास. उन्हाळ्यात २०० वॅटचं पॅनल पुरतं, पावसाळी ढगांत ४०० लागतं. पावसाळ्याचंच धरा. तीन दिवसांच्या साठ्यासाठी लिथियम फॉस्फेट २०० अँपिअर-तास, लेड-अॅसिड ३००.

लिथियमला आपल्या मे महिन्यात एक अडचण आहे. बऱ्याच बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादा ४५ अंश असते, आणि इथे सावलीतच पारा तिथे पोचतो. पत्र्याच्या कपाटात ६० सहज. बॅटरीचं संरक्षक सर्किट दुपारी चार्जिंग बंद करतं, म्हणजे ऊन सगळ्यात जास्त असताना पॅनल रिकामं बसतं आणि रिपीटर पहाटे बंद पडतो. लोक पॅनल बदलतात, दोष उष्णतेचा असतो. बॅटरी जमिनीलगत, दगडी ओट्याच्या सावलीत, वेगळ्या पेटीत ठेवा. कपाटाला पांढरा रंग आणि वर हातभर अंतर सोडून दुसरं छप्पर द्या. मोबाइल सेट रिपीटर म्हणून वापरत असाल तर पॉवर निम्म्याहून खाली आणा आणि हीटसिंकवर पंखा लावा, ते सेट सतत ट्रान्समिट करायला बनवलेलेच नसतात.

अर्थिंगला सातपुड्याचा काळा पाषाण त्रास देतो. खडकात एक सळई ठोकून ओहम खाली येत नाहीत. २५ बाय ३ मिलीमीटरची जीआय पट्टी तीन-चार दिशांना चरात पसरा, जिथे माती सापडेल तिथे सळया ठोका, बेंटोनाइट भरा आणि टॉवर, कपाट, पॅनलची फ्रेम, केबलचे अरेस्टर (विजेपासून वाचवणारे) सगळं एकाच अर्थला बांधा. दोन वेगळे अर्थ ठेवले की वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक रेडिओमधून वाहतो.

चाचणी कपाट बंद करायच्या आधी. रिपीटरच्या रिसीव्हरला जेमतेम ऐकू येईल असा कमजोर सिग्नल द्या, मग क्रमाने फक्त रिपीटरचा ट्रान्समीटर, फक्त लिंकचा आणि शेवटी दोन्ही एकत्र चालू करा. खरखर वाढली तर कोणत्या पायरीला वाढली ते सांगतं की दोष ड्युप्लेक्सरचा, हार्मोनिकचा की गंजलेल्या नटाचा. नंतर प्लग एकेक काढून बघा, जाळं शांत राहतं का. हबची बॅटरी काढा, चारही रिपीटर आपापल्या गावी एकटे चालतात का ते बघा. ते चालले पाहिजेत, लिंक मेली म्हणून गावातला संपर्क जाता कामा नये. डेव्हिएशन, टोन, पॉवर, रिटर्न लॉस (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते) आणि पोचणारी सिग्नल पातळी एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या मृगाच्या आधी कुणी दुसरा वर गेला तर आकडे ताडून बघता येतील. लिंक तोडण्याचा डीटीएमएफ (कीपॅडच्या सुरांचा) कोड तेवढा त्या कागदावर लिहू नका.